शितावरून भाताची परीक्षा

मूल न होणाऱ्या स्त्रीसाठी आपल्या भाषेला शब्दांची वाण कधीच पडली नाही. ते शब्द ओव्यांत आहेत, कहाण्यांत आहेत, नळावरच्या भांडणांतही आहेत. पुरुषासाठी तसा शब्द शोधू लागलो की मात्र हात रिकामा राहतो. 'निपुत्रिक' म्हणावे तर तो शब्द परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. आणि मुलींच्या बापालाही तो खुशाल लावला गेलेला आहे. 'नपुंसक' हा शब्द लोक सर्रास वापरतात, तो तर सर्वस्वी चुकीचा. ज्याच्या वीर्यात शुक्रजंतू नाहीत त्याच्या संसारसुखात बहुधा कसलीही उणीव नसते. तो निरोगी असतो, दाढीमिशा असलेला असतो, आणि आपल्यात काही कमी आहे याची पुसटशीही जाणीव त्याला नसते. भाषेने ज्याला नाव दिले नाही त्याची घरात चर्चा होत नाही, आणि दोषाचे माप निमूटपणे सुनेच्या पदरात पडते.

तीस-बत्तीस वर्षे मी वडोदऱ्यात पॅथॉलॉजीचे काम केले. दांडिया बाजारातील आमचे घराणे गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी सरकवायची, दिसले ते लिहायचे, हा माझा व्यवसाय. वृषणाच्या बायोप्सीचे नमुने त्यात अधूनमधून येत. अहवालाच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असे: 'तपासलेल्या ऊतीत शुक्रजंतू आढळले नाहीत.' वाचणाऱ्याचे डोळे सरळ 'आढळले नाहीत' या शब्दांवर जात. लिहिणाऱ्याचा सारा प्रामाणिकपणा मात्र 'तपासलेल्या ऊतीत' या पहिल्या दोन शब्दांत असे. ते दोन शब्द किती मोठे आहेत, याचा प्रत्यय मला निवृत्तीनंतर, घरातच आला.

माझ्या पुतण्याच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती. (दोघांच्या संमतीने लिहीत आहे, नावे देत नाही.) त्यांपैकी पाच वर्षे सूनबाईच्या तपासण्यांत गेली. तिचे रक्त झाले, सोनोग्राफी झाली, गर्भनलिकांत औषध सोडून काढलेले क्ष-किरण चित्र झाले, दुर्बिणीतून पोटही पाहून झाले. वहिनींनी गरुडेश्वरला दत्ताला नवस बोलून झाला. वीर्याची तपासणी, जिला खर्च सर्वांत कमी, वेळ सर्वांत कमी आणि वेदना मुळीच नाही, ती सर्वांत शेवटी. असे का, हे कोणत्याही डॉक्टरने सांगितले नाही आणि घरातही कोणी विचारले नाही. दोन वेगवेगळ्या वेळी नमुने दिले गेले, ते यंत्रात फिरवून तळाचा गाळही पाहिला गेला, आणि दोन्हींत शून्य आले. यालाच ॲझोस्पर्मिया म्हणतात. शंभर पुरुषांत साधारण एकाला ही अवस्था असते; वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्या पुरुषांत शंभरात दहा ते पंधरा. म्हणजे आपल्या ओळखीच्या मंडळींत असा कोणीतरी असतोच, फक्त आपल्याला ठाऊक नसतो.

शून्याचेही प्रकार आहेत. वडोदऱ्याच्या माणसाला ते आजव्याच्या तलावावरून चटकन कळतील. तलाव भरलेला आहे पण वाटेत नळ तुंबला, हा एक प्रकार. शुक्रजंतू तयार होत असतात, वाट बंद असते. कधी जुन्या जंतुसंसर्गाने, कधी जन्मतःच वाहिनी नसल्याने. येथे सुईने वा छोट्याशा छेदाने शुक्रजंतू काढता येतात आणि ते जवळजवळ नेहमीच मिळतात. दुसरा प्रकार तलावच आटल्याचा. वृषणातील निर्मितीच खुंटलेली. बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारातले असतात. तिसरा प्रकार विरळा: तलावाला सारे काही ठीक, पण वरून पाऊसच नाही. मेंदूतील पीयूषिका ग्रंथी आपली संप्रेरके पाठवीत नाही. अशा माणसाचे एफएसएच हे संप्रेरक अगदी कमी भरते आणि ती खरे तर आनंदाची बातमी असते, कारण इंजेक्शनांनी हा पाऊस पाडता येतो. (जाता जाता: शरीर कमावण्याच्या नादात टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारे तरुण हा पाऊस स्वतःच्या हाताने थांबवतात. पौरुष वाढवण्याच्या औषधाने बीज नाहीसे होते, हे त्यांना व्यायामशाळेत कोणी सांगत नाही.)

पुतण्याचा प्रकार दुसरा होता. एफएसएच चोवीस, म्हणजे सर्वसाधारण मर्यादेच्या दुप्पट. वृषणांचे आकारमान आठ-आठ मिलिलिटर. प्रौढ पुरुषात ते पंधराच्या वर असायला हवे. हे मोजण्याचे साधन मोठे गमतीचे आहे. आंद्रेआ प्राडर या स्विस डॉक्टरने वाढत्या आकाराच्या बारा मण्यांची एक माळ केली, सर्वांत लहान मणी एक मिलिलिटरचा आणि सर्वांत मोठा पंचवीसचा. डॉक्टर एका हाताने मणी चाचपतात, दुसऱ्या हाताने रुग्णाला. पुतण्या म्हणाला, "काका, आयुष्यात एवढी गंभीर जपमाळ पाहिली नव्हती." त्या दिवसातले त्याचे ते एकमेव हसणे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत अशा माणसाला डॉक्टर हात जोडून परत पाठवीत. नंतर दोन गोष्टी घडल्या. १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथे जियानपिएरो पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडवून आणल्याचे प्रसिद्ध केले. कोट्यवधींची गरजच उरली नाही. प्रत्येक स्त्रीबीजामागे एक पुरे. मग तो एक कोठून आणायचा, हा प्रश्न आला. वृषण म्हणजे अतिसूक्ष्म नलिकांचे गुंतवळ. एका वृषणातील नलिका सोडवून सरळ केल्या तर कित्येक शे मीटर लांबी भरेल. १९९९ मध्ये न्यूयॉर्कचे पीटर श्लेगेल यांनी शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून या नलिका निरखण्याची पद्धत मांडली. बहुतेक नलिका बारीक आणि मलूल दिसतात; मध्येच एखादी जरा जाड, भरीव, दुधट. तेवढीच उचलायची आणि शेजारच्या प्रयोगशाळेत द्यायची. तलाव आटलेला असला तरी तळाशी कोठे एखादे डबके उरले असेल तर ते गाठायचे, असा हा खटाटोप. निर्मिती खुंटलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांत तो सफल होतो.

आता 'निम्म्यांत' हाच शब्द आमच्या घरात येऊन बसला. अहमदाबादच्या एका डॉक्टरांनी निम्मी शक्यता सांगितली. दुसऱ्यांनी वय, एफएसएच आणि आकारमान संगणकातल्या सूत्रात घातले आणि अडतीस टक्के सांगितले. पुतण्या बँकेच्या कर्जविभागात आहे, आकड्यांशी त्याची रोजची ऊठबस. एका रविवारी दोघे माझ्याकडे आले.

"काका, पन्नास की अडतीस?"

"कशाचे?"

"सापडण्याचे."

सूनबाई शांतपणे म्हणाली, "सापडण्याचे, की मूल होण्याचे?"

त्या प्रश्नाकडे येणारच आहे. आधी आकड्यांविषयी. मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितले. तुम्ही कर्जदाराला गुण देता, बरोबर? तो गुणांक हजार कर्जदारांच्या बाबतीत उपयोगी, कारण बँकेला हजारांची सरासरी पुरते; काही बुडाले तरी बाकीचे भरून काढतात. तुझ्याकडे एकच कर्ज आहे. अशी सूत्रे किती चांगली आहेत हे मोजण्याची एक रीत आहे. ज्याच्यात सापडले असा एक आणि ज्याच्यात नाही असा एक, अशा दोन रुग्णांची जोडी सूत्रापुढे ठेवायची आणि त्याने पहिल्याला अधिक गुण दिले का ते पाहायचे. नाणे उडवले तरी दहातून पाच वेळा बरोबर येईलच. प्रसिद्ध झालेली बरीचशी सूत्रे दहातून सात-आठ वेळा बरोबर येतात. म्हणजे नाण्यापेक्षा बरी, पंचांगापेक्षा निश्चितच बरी, पण एका माणसाच्या बाबतीत निवाडा द्यावा इतकी नव्हेत. शिवाय ती ज्या केंद्रातील रुग्णांवर बेतली त्याच केंद्रात उत्तम चालतात. दुसरीकडे शस्त्रवैद्याचा हात निराळा, शोधणाऱ्याची चिकाटी निराळी. प्रयोगशाळेत एखादा तंत्रज्ञ अर्धा तास पाहून हात टेकतो, दुसरा चार तास बसून राहतो. 'सापडले नाहीत' हे विधान जितके रुग्णाविषयी असते तितकेच ते शोधणाऱ्याविषयीही असते.

पण मूळ अडचण याहून खोल आहे. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. ती परीक्षा खरी ठरते, कारण पातेल्यातील भात सगळीकडे सारखाच शिजतो. वृषण सारखे शिजत नाही. एका कोपऱ्यात निर्मिती पूर्ण थांबलेली आणि दोन मिलिमीटरवर एखादी नलिका नेटाने काम करीत असलेली, असे चित्र मी काचपट्टीवर कितीदा तरी पाहिले आहे. एफएसएच हा तर साऱ्या पातेल्याच्या वाफेचा अंदाज. वृषण प्रतिसाद देईना की पीयूषिका ग्रंथी आवाज चढवते, म्हणून एफएसएच वाढते. पण तो आवाज समग्र वृषणाच्या अवस्थेचा असतो. त्या गोंगाटात एक नलिका चालू आहे की नाही हे ऐकू येत नाही. उलट, ज्यांच्यात सर्व नलिकांतील पेशी एकाच अधल्यामधल्या पायरीवर अडून बसतात, त्यांचे एफएसएच आणि आकारमान दोन्ही निर्दोष असू शकतात आणि तरीही शुक्रजंतू मिळत नाहीत. चांगला आकडा आशा लावतो आणि वाईट आकडा उगाच खचवतो. म्हणून केवळ एफएसएच वाढले आहे म्हणून कोणाला शस्त्रक्रिया नाकारू नये, हे आता सर्वमान्य झाले आहे.

यावर कोणी म्हणेल, मग बायोप्सीच करून पाहावी. खरेच, नलिकांत काय दिसते हा एकट्या आकड्यांपेक्षा चांगला निर्देशक आहे. निर्मिती मंद पण पूर्ण असेल तर बहुतेकांत शुक्रजंतू मिळतात. पेशी मध्येच अडल्या असतील तर कमी. नलिकांत फक्त आधारपेशीच असतील, जनकपेशी नसतीलच, तर आणखी कमी, तरीही शून्य नव्हे. पण ही माहिती मिळवण्यासाठी आधी छेद घ्यायचा आणि नंतर खऱ्या शोधासाठी दुसऱ्यांदा! आणि त्या पहिल्या छेदातील ऊती ही पुन्हा एक शीतच. म्हणून केवळ भाकितासाठी बायोप्सी करण्याची प्रथा मागे पडत चालली, आणि माझ्यासारख्याने आपल्याच व्यवसायाविषयी हे म्हणावे लागले तरी ते योग्यच झाले असे मला वाटते.

या साऱ्या धूसरपणात एकच तपासणी अशी आहे की जी स्पष्ट बोलते. पुरुषत्वाच्या वाय गुणसूत्रावर शुक्रजंतूंच्या निर्मितीशी निगडित असे तीन पट्टे आहेत. त्यांना ए, बी आणि सी म्हणतात. या भागाचा सुगावा १९७६ मध्ये तिएपोलो आणि झुफार्दी या इटालियन संशोधकांनी लावला. ए किंवा बी पट्टा संपूर्ण गळालेला असेल तर शुक्रजंतू सापडण्याची आशा जवळजवळ नाही. तेथे सुरी उचलूच नये. केवळ सी गळाला असेल तर निम्म्याहून अधिकांत सापडतात, पण त्यातून मुलगा झाला तर तो हीच उणीव घेऊन येणार. बापाने हे जाणून पुढे जावे की नाही, हा प्रश्न कोणतेही सूत्र सोडवीत नाही. गुणसूत्रांची साधी मोजदादही हवी. ज्यांच्यात एक एक्स अधिक असतो, त्या क्लाइनफेल्टर अवस्थेतील पुरुषांना पूर्वी कायमचे वंध्य समजत. आज त्यांच्यातही शंभरात चाळीसच्या आसपास जणांत शुक्रजंतू मिळतात. भाकिताच्या इतिहासातला हा मोठा धडा आहे असे मला वाटते. 'नाही' हे उत्तर कित्येकदा शोध न घेतल्यामुळेच नाही असते.

पुतण्याचे वाय गुणसूत्र शाबूत निघाले, गुणसूत्रे शेहेचाळीस. स्पष्ट नकार आला नाही. मी त्याला म्हणालो, "पन्नास आणि अडतीस यांत तुझ्या निर्णयापुरता काही फरक नाही. अडतीस असते तर करणार नव्हतास का?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "करणार होतो." मग आकडा कशाला हवा होता? मला वाटते, त्याला तो आईला सांगण्यासाठी हवा होता.

आकड्याचा खरा उपयोग सूनबाईने केला. स्त्रीबीजे काढण्याआधी दहा-बारा दिवस पोटात रोज इंजेक्शने घ्यावी लागतात, वारंवार सोनोग्राफी, नंतर भूल. कित्येक ठिकाणी पतीची शस्त्रक्रिया आणि पत्नीची स्त्रीबीजे काढणे एकाच दिवशी ठरवतात, कारण ताजे शुक्रजंतू वापरता येतात. तिने विचारले, "काका, निम्म्यांना काही मिळत नाही म्हणता. मग त्या निम्म्यांच्या बायकांनी ती इंजेक्शने कशासाठी घेतली?" इतका सरळ प्रश्न मी कोणत्याही परिषदेत ऐकला नव्हता. पर्याय असा असतो की आधी त्याची शस्त्रक्रिया करावी, काही मिळाले तर गोठवून ठेवावे, आणि मगच तिला सुया टोचाव्यात. त्यातही धोका आहेच: मोजकेच शुक्रजंतू असले तर वितळवताना त्यांतले काही मरतात. तिसरी वाट, काहीच न मिळाल्यास त्याच दिवशी नोंदणीकृत पेढीतून दात्याचे शुक्रजंतू वापरण्याची. पण ते आधी ठरवावे लागते, शस्त्रक्रियागृहाच्या दारात नव्हे. पुतण्याने दाता नको म्हटले, तिने गोठवण्याचा आग्रह धरला, आणि तसेच ठरले.

उजव्या वृषणात काही मिळाले नाही. डाव्यात तिसऱ्या तासाला दोन नलिका जरा भरीव दिसल्या आणि त्यांत मोजकेच शुक्रजंतू निघाले. काही हलणारे, काही नुसतेच पडलेले. दोन भागांत गोठवले गेले. वहिनींनी पेढे वाटले. कशाचे पेढे, हे शेजाऱ्यांना सांगता येईना, म्हणून पुतण्याला बढती मिळाल्याचे सांगितले. पहिल्या खेपेस स्त्रीबीजे फळली नाहीत. दुसऱ्या खेपेस दोन भ्रूण झाले, एक सोडला, तो रुजला नाही. दुसरा सोडण्याजोगा वाढला नाही. साठा संपला.

सूनबाईचा पहिला प्रश्न येथे पुन्हा आठवावा. शोधनिबंधांत 'यश' म्हणजे निदान एक शुक्रजंतू सापडणे. त्या व्याख्येने माझा पुतण्या यशस्वी रुग्ण आहे. तो निम्म्यांतील चांगल्या निम्म्यात मोडतो, आणि उद्या एखाद्या नव्या सूत्राला शिकवण्यासाठी त्याची चोवीस एफएसएच आणि आठ मिलिलिटर 'सफल' या रकान्यात जाईल. व्याख्या चुकीची नाही. शस्त्रवैद्याने आपल्या हातातील कामच मोजावे हे रास्त आहे. पण पायऱ्यांचा गुणाकार कोणीतरी करून दाखवायला हवा. निम्म्यांत सापडणार, त्यांतील काहींची स्त्रीबीजे फळणार, त्यांतील काही भ्रूण रुजणार. हा गुणाकार पत्नीच्या वयानुसारही बदलतो, आणि पतीविषयीच्या सूत्रांत पत्नीचा उल्लेख बहुधा नसतोच.

नवे प्रयत्न चालू आहेत. वीर्यातील विशिष्ट प्रथिनांवरून आत निर्मिती चालू आहे की नाही हे ओळखण्याचे, यंत्राला हजारो चित्रे दाखवून माणसाच्या डोळ्याला न दिसणारा एखादा शुक्रजंतू हुडकण्याचे. २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मंडळींनी अशा यंत्राने शोधलेल्या शुक्रजंतूंपासून गर्भधारणा झाल्याचे कळवले. भाकितापेक्षा शोध सुधारण्याची ही दिशा मला अधिक आशादायक वाटते. भात कसा आहे याचा अंदाज बांधण्यापेक्षा शीत न् शीत पाहता आले तर उत्तमच.

वहिनींपुढे मात्र दत्तकाचा विषय काढता येत नाही. 'आपल्यात तसे नसते', हे त्यांचे उत्तर. वास्तविक आपण ज्या नगरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलो ती दत्तकांनी सांभाळलेली आहेत. १८७५ मध्ये जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना मांडीवर घेतले नसते तर वडोदऱ्याला सयाजीराव कोठून मिळाले असते? ग्वाल्हेरचे जनकोजीराव आणि त्यांच्यामागून जयाजीराव, इंदूरचे दुसरे तुकोजीराव, हे सारे दत्तकच. वहिनींना हे ठाऊक आहे. शाळेत त्यांनी इतिहासच शिकवला.

पुतण्याने दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी विचारले आहे. एकदा सापडलेल्यांत पुन्हा सापडण्याची शक्यता बरी असते, पण वृषणाला सावरायला निदान सहा महिने द्यावे लागतात आणि शस्त्रक्रियेनंतर टेस्टोस्टेरॉन उतरते ते पुन्हा वर आले आहे की नाही हे पाहावे लागते. त्याची ती तपासणी पुढच्या महिन्यात आहे. सूनबाईने दरम्यान दत्तकाच्या सरकारी नोंदणीसाठी लागणारे कागद जमवायला घेतले. विवाहाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मिळाला, वैद्यकीय दाखला राहिला आहे. दोघांच्या फायली त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एकीवर एक असतात. परवा गेलो तेव्हा वहिनी ताटे मांडण्यासाठी त्या उचलत होत्या, आणि कोणती कोणाची हे पाहून त्यांनी दोन्ही काळजीपूर्वक कपाटावर ठेवल्या.